लाकूड पचवणारे घराणे

वळवाच्या पहिल्या वादळात नाशिकमध्ये कुठे ना कुठे एखादे मोठे झाड आडवे होतेच. उभ्या गाडीवर, विजेच्या तारांवर, नाहीतर भर रस्त्यात. दुसऱ्या दिवशी जमलेल्या माणसांत एक वाक्य हमखास ऐकू येते, "काल संध्याकाळपर्यंत हिरवेगार होते हो!" ते खरेही असते. पानांना पाणी पोचवण्याचे काम खोडाच्या अगदी बाहेरच्या, सालीलगतच्या लाकडातून चालते. आतला गाभा कित्येक वर्षांपूर्वी मेलेल्या पेशींचा असतो आणि त्याच्याकडे काम उरलेले असते ते फक्त तोलून धरण्याचे. तो गाभा कोणी सावकाश खाऊन टाकला तरी शेंड्याला त्याची खबर लागत नाही. पालवी फुटते, मोहर येतो, सावली पडते आणि एका वाऱ्यात झाड मोडते.

खाणारे कोण होते, हे तुटीपाशी वाकून पाहिले तर पुष्कळदा कळते. निरोगी लाकूड मोडले की लांब, टोकदार कपच्या निघतात. कुजलेले लाकूड बोथट तुटते. त्याचा रंग फिकट, पिवळसर पांढरा झालेला असतो, दाबले तर दबते, ओढले तर तंतू सुटून हातात येतात आणि मधूनच तपकिरी-काळ्या बारीक रेघा गेलेल्या दिसतात. मग खोडाच्या बाहेरून एक फेरी मारावी. एखाद्या जुन्या छाटणीच्या जागी, किंवा बुंध्याजवळ, तळहाताएवढी तपकिरी, कडक चकती आडवी चिकटलेली सापडते. वरून भेगाळलेली, कधी शेवाळ चढलेली. खालून बोट फिरवले तर सपाट, किंचित मखमली. भिंगातून पाहिले की त्या सपाट भागावर बारीक भोके दिसतात, एका मिलिमीटरमध्ये पाच-सात मावतील एवढी. ही चकती म्हणजे बुरशीचे फळ. खरी बुरशी आत लाकडात तंतूंच्या रूपाने पसरलेली असते आणि फळ बाहेर दिसू लागण्याआधी बहुधा अनेक वर्षे तिचे जेवण चाललेले असते.

अशी तपकिरी, लाकडासारखी टणक फळे धरणाऱ्या बुरशींचे एक मोठे घराणे आहे. त्याचे शास्त्रीय नाव हायमेनोकीटेसी. फेलिनस, इनोनोटस, फोमिटिपोरिया, फल्विफोमेस या त्यातल्या प्रजाती. जाती शेकडोंनी आहेत आणि अलीकडे डीएनए तपासून त्यांची फेरमांडणी चालली असल्यामुळे जुन्या पुस्तकातले नाव नव्या यादीत शोधताना चांगलाच घाम फुटतो. एकेकाळी तपकिरी आणि बारमाही दिसले की 'फेलिनस' म्हणून मोकळे होत असत. आता त्या एका फेलिनसचे डझनभर वाटेकरी झाले आहेत. देहरादूनच्या वन संशोधन संस्थेतले बी. के. बक्षी यांचा झाडांवरच्या आणि इमारती लाकडावरच्या बुरशींचा १९७१ सालचा मोठा ग्रंथ आजही हाताशी ठेवतात, पण नावांसाठी सोबत नवी यादी घेऊन बसावे लागते.

घराणे ओळखायला मात्र सोपे. फळाचा एक तुकडा मोडून आतल्या तपकिरी भागावर कॉस्टिक पोटॅशच्या पातळ द्रावणाचा थेंब टाकायचा. बघता बघता तो भाग काळा पडतो. शाळेच्या प्रयोगशाळेत होण्यासारखी ही परीक्षा आहे, फक्त थेंब हातावर पडू द्यायचा नाही. सूक्ष्मदर्शकाखाली यांच्यापैकी अनेकांच्या भोकांच्या आतल्या बाजूला जाड भिंतीचे, टोकदार, गडद तपकिरी काटे दिसतात. इतर बुरश्यांत ते सहसा नसतात.

एक खुलासा इथेच करायला हवा. शहरात पडणाऱ्या प्रत्येक झाडाचे खापर या घराण्यावर फोडता येणार नाही. गुलमोहराच्या बुंध्याशी जी लालसर तपकिरी, वॉर्निश मारल्यासारखी चकाकणारी, पांढऱ्या काठाची छत्री येते ती गॅनोडर्मा, आणि तिची जातकुळी वेगळी. ती मुळे कुजवते. केबलसाठी खणलेला चर, बुंध्यापर्यंत ओतलेले काँक्रीट, एका बाजूची छाटलेली मुळे, यांनीही झाडे पडतात. बुरशी आणि चर दोघे मिळून पाडतात असेही होते.

लाकूड पचवणे ही साधी गोष्ट नव्हे. लाकडात सेल्युलोजचे धागे असतात आणि त्यांना घट्ट धरून ठेवणारे लिग्निन असते. सेल्युलोज खाणारे जीव पुष्कळ. लिग्निन पुरते मोडून काढण्याची किमया मात्र मुख्यतः एका गटाच्या बुरशींनाच साधली आहे. लिग्निन गेले की उरते ते पांढुरके लाकूड, म्हणून या कुजण्याला श्वेतकूज म्हणतात. हायमेनोकीटेसीतले सगळे लाकूडखाऊ श्वेतकुजीचेच. २०१२ साली 'सायन्स' या नियतकालिकात एकतीस बुरशींच्या जनुकसंचांची तुलना प्रसिद्ध झाली, त्यात याच घराण्यातली, द्राक्षवेल कुजवणारी फोमिटिपोरिया मेडिटरेनिया होती. लिग्निन मोडणारी विकरे सुमारे तीस कोटी वर्षांपूर्वी, दगडी कोळशाच्या युगाच्या अखेरीस उपजली असावीत असा त्या अभ्यासाचा निष्कर्ष. त्यांच्या येण्याने कोळसा साठणे थांबले का, यावर पुढे बरीच वादावादी झाली. ही विकरे नसती तर जंगलात पडलेला ओंडका ओंडकाच राहिला असता, एवढे मात्र नक्की.

नाशिक जिल्ह्यात या घराण्याला राहायला सोयीची जागा आहे. इगतपुरीला वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस, तिथून पंचेचाळीस-एक किलोमीटरवरच्या नाशिक शहरात सातशेच्या आसपास आणि पूर्वेला येवला-नांदगावकडे त्याहूनही कमी. शिवाय सगळा पाऊस चार महिन्यांत. मऊ छत्रीची अळंबी अशा हवेत आषाढ-श्रावणात उगवते आणि आठवडाभरात विरघळते. फेलिनसचे फळ आठ महिने कोरडे उन्हाळे-हिवाळे काढून पुढच्या पावसात पुन्हा कामाला लागते. दर हंगामाला खालच्या बाजूने नळ्यांचा नवा थर चढतो. फळ उभे चिरले तर ते थर मोजता येतात आणि त्यावरून बुरशीच्या मुक्कामाचा अंदाज बांधता येतो.

पेठ, सुरगाणा, हरसूलकडच्या जंगलात खैर आहे. खैराची किंमत त्याच्या तांबड्या गाभ्यात. त्याचेच तुकडे उकळून कात काढतात आणि त्याच्याच पायी चोरटी तोड होते. खैराचा गाभा कुजवणारी फेलिनस बॅडियस ही बुरशी बक्षींच्या काळापासून माहीत आहे. बाहेरून भरदार दिसणारा खैर पाडावा आणि आत कात निघण्याजोगे लाकूडच नसावे, असा हा प्रकार. जिवंत रसवाहू लाकडाला फारसा हात न लावता नेमका मोलाचा भाग संपवणारा हा रोग आहे.

बुरशी आत शिरते कुठून? सालीतून सहसा नाही. साल शाबूत असेपर्यंत बीजाणू वर बसून वाळून जातात. दार उघडते ते मोडलेल्या फांदीतून, कुऱ्हाडीच्या घावातून, बुंध्याशी पेटवलेल्या शेकोटीने भाजलेल्या सालीतून, आणि शहरात सर्वांत जास्त छाटणीतून. अमेरिकेच्या वनखात्यातले ॲलेक्स शायगो यांनी हजारो झाडे उभी चिरून पाहिली आणि १९७७ मध्ये एक विचार मांडला. त्याने वृक्षसंगोपनाचे शास्त्र बदलले. आपल्या कातडीसारखी झाडाची जखम भरून येत नाही. झाड तिला कोंडून टाकते. घावाच्या वर, खाली, आतल्या बाजूला आणि दोन्ही अंगांना ते पेशींमध्ये रासायनिक अडसर उभे करते आणि त्या दिवसानंतर वाढणाऱ्या नव्या लाकडाला जुन्यापासून तोडते. हा शेवटचा अडसर सर्वांत भक्कम. म्हणूनच बुरशी बहुधा जखमेच्या दिवशी जेवढे लाकूड होते तेवढ्यातच अडकून राहते आणि पोकळ झाडाला बाहेरून नवी वर्षे मिळत राहतात.

फांदी खोडाला मिळते तिथे थोडा फुगवटा असतो. हे अडसर उभारण्याची झाडाची सगळी तयारी तिथे असते. फांदी काढायची तर फुगवट्याच्या बाहेरून काढावी. खोडाला लागून सपाट कापली की फुगवटाच जातो, आणि हातभर खुंट ठेवला की तो वाळून बुरशीला आयते जेवण मिळते. पावसाळ्यापूर्वी तारांखालच्या फांद्या ज्या घाईने उतरवल्या जातात त्यात हे दोन्ही प्रकार पाहायला मिळतात. पूर्वी ढोलीत सिमेंट भरण्याची पद्धत होती. त्याने ओल आत कोंडते आणि झाड वाऱ्याने हलले की सिमेंटची कड आतली भिंत घासते. मोठ्या घावावर डांबर फासल्यानेही कूज थांबत नाही. बुंध्याला गेरू-चुन्याचे पट्टे ओढल्याने तर रस्ता सजण्यापलीकडे काही होत नसावे, आणि कधीकधी बघण्यासारखी भेगच त्या पट्ट्याखाली झाकली जाते.

मग खोडावर फळ दिसले म्हणजे झाड पाडायचे का? यावर माझे उत्तर असे, की आधी फळ कुठे आले आहे ते पाहा.

खोड मधून पोकळ होणे ऐकायला भयंकर वाटते. हिशेब वेगळाच आहे. गोल खांबाची वाकण्याला तोंड देण्याची ताकद त्याच्या व्यासाच्या मोठ्या घातावर अवलंबून असल्याने तिचा बराचसा भार बाहेरच्या थरावर असतो. बांबू पोकळ असूनही उभा राहतो त्याचे हेच कारण. साठ सेंटीमीटर व्यासाच्या खोडात मधोमध तीस सेंटीमीटरची पोकळी झाली तर निम्मे खोड गेले असे वाटेल. ताकद घटते ती सुमारे सहा टक्के. पोकळी बेचाळीस सेंटीमीटर झाली की चोवीस टक्के. आणि चोपन्न झाली, म्हणजे भिंत जेमतेम तीन सेंटीमीटरची उरली, की जवळपास दोन-तृतीयांश. शेवटच्या काही सेंटीमीटरांत सगळा खेळ आहे. जर्मनीत कार्ल्सरूचे क्लाउस मॅटेक यांनी उभी आणि मोडलेली झाडे मोजून एक ठोकताळा दिला, की निरोगी भिंत त्रिज्येच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास असेपर्यंत खोड सहसा मोडत नाही. त्यावर टीकाही झाली आहे आणि ती रास्त आहे. पोकळी एका बाजूला सरकलेली असेल, खोडाला उभी चीर असेल, ढोलीचे तोंड मोठे असेल, तर हे गणित कोलमडते. तरी लाकडी हातोडीने खोडावर ठोकून भद्द आवाज आला एवढ्यावर झाडाला फाशी देणाऱ्यांना हा ठोकताळा सांगायला हवा. भिंत किती उरली ते बारीक सुई आत घालून लाकडाचा विरोध मोजणाऱ्या यंत्राने किंवा ध्वनिलहरींच्या आलेखाने पाहता येते.

महाराष्ट्राच्या १९७५च्या वृक्षसंरक्षण कायद्यात २०२१ मध्ये दुरुस्ती झाली आणि पन्नास वर्षे किंवा त्याहून जुन्या झाडाला वारसा वृक्षाचा दर्जा आला. त्या वयाच्या झाडात कुठे तरी गाभा कुजलेला असणे ही जवळजवळ ठरलेली गोष्ट. गाभा कुजला हेच तोडीचे कारण धरले तर वारसा म्हणून राखायला फारसे उरणार नाही. शिवाय त्या ढोल्यांवर पाखरांची बिऱ्हाडे चालतात. तांबट स्वतः भोक पाडतो, पण त्याची चोच टणक लाकडावर चालत नाही, त्याला बुरशीने आधी मऊ केलेली फांदी लागते. पोपट, पिंगळे आणि धनेश तर तयार ढोली शोधत फिरणारे.

मुळांची गोष्ट अगदी उलटी. फळ बुंध्याशी, जमिनीलगत आले असेल आणि झाड किंचित एका अंगाला कलल्यासारखे वाटत असेल, तर हयगय नको. मुळे कुजलेले झाड मोडत नाही, मुळासकट उपटते. या घराण्यात मुळांवर तुटून पडणारी सर्वांत नाठाळ जात म्हणजे फेलिनस नॉक्सियस. ई. जे. एच. कॉर्नर यांनी १९३२ मध्ये सिंगापूरहून तिचे वर्णन केले. आज तिला पायरोडर्मा नॉक्सियम म्हणतात. दोनशेहून अधिक जातींच्या झाडांवर ती येते. तैवान आणि हाँगकाँगमध्ये वडाच्या जातीतली जुनी झाडे तिने आडवी केली आहेत, दक्षिण भारतात कॉफी आणि रबराच्या मळेवाल्यांना ती ठाऊक आहे. बुंध्याभोवती आणि मुळांवर माती-खड्यांसकट चिकटलेले तपकिरी कवच, त्याला पांढरट कड, ही तिची खूण. एका झाडाच्या मुळाला दुसऱ्याचे मूळ टेकले की ती तिकडे सरकते. त्यामुळे मेलेले झाड काढून त्याच खड्ड्यात नवे रोप लावणे म्हणजे तिला पुढचे ताट वाढणे.

या घराण्याशी मराठी घरांचा एक जुना, अगदी वेगळा संबंधही आहे. फणसाच्या जुन्या खोडावर येणारा फणसांबा सहाणेवर पाण्यात उगाळून लहान मुलांच्या हिरड्यांना लावायची रीत कोकणात आणि घाटावर होती. तोंड आले, लाळ फार गळू लागली की घरातली वडीलधारी बाई तो काढायची. काष्ठौषधींच्या दुकानात त्याचे वाळलेले तुकडे असतात. पुणे विद्यापीठातले जे. जी. वैद्य आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९०च्या दशकात या वापराची नोंद केली आणि तुकडे तपासले, तेव्हा फणसांबा नावाखाली फेलिनसच्या एकाहून अधिक जाती निघाल्या. रशियात भूर्जाच्या झाडावरची चागा याच घराण्यातली, सोल्झेनित्सिन यांच्या 'कॅन्सर वॉर्ड'मध्ये तिचा उल्लेख आहे. चीन-कोरियात तुतीवरची तपकिरी फळे औषधी मानतात, जपानमध्ये १९६८ साली त्यांच्या अर्काने उंदरांतल्या गाठी आटल्याचे प्रयोग प्रसिद्ध झाले. उंदरांवरचे ते प्रयोग घेऊन माणसांना पुड्या विकणारे आता जगभर आहेत. झाडापुरते बोलायचे तर फळ उपटून नेल्याने त्याचा रोग जात नाही. आतले तंतू जागच्या जागी असतात आणि फळ पुन्हा येते.

नाशिकला खरी धास्ती वाटावी अशी या घराण्याची शाखा द्राक्षाशी जोडलेली आहे. युरोपात द्राक्षवेलीच्या खोडाच्या एका रोगाला एस्का म्हणतात. खोड आडवे कापले की मधोमध पिवळसर पांढरे, भुसभुशीत लाकूड दिसते आणि त्याच्याभोवती गडद रेघ. हे काम बहुतांशी फोमिटिपोरिया मेडिटरेनियाचे, आणि तिच्या आधी दुसऱ्या एक-दोन बुरश्या लाकूड काळे करून तिला वाट मोकळी करून देतात. पानांवर शिरांलगत हिरवे आणि मध्ये पिवळे-लाल पट्टे उठतात. कडक उन्हाळ्यात तर भरलेल्या घडांसह अख्खी वेल चार-सहा दिवसांत वाळते. फ्रान्समध्ये यावर सोडियम आर्सेनाइट, म्हणजे चक्क सोमलाचे क्षार फवारत. २००१ मध्ये त्यावर बंदी आली आणि त्या तोडीचे औषध अजून मिळालेले नाही. काही बागाईतदार आता छोट्या साखळी करवतीने खोड उभे उघडून आतले कुजके लाकूड खरवडून काढतात.

दिंडोरी-निफाडच्या बागांत खोड आणि त्याचे आडवे हात, म्हणजे ओलांडे, वाळवणारी मुख्य बुरशी दुसऱ्या घराण्यातली, लॅसिओडिप्लोडिया थिओब्रोमी. ती लाकूड पांढरे करत नाही. वाळलेला ओलांडा आडवा कापला तर निरोगी लाकडात पाचरीसारखा शिरलेला तपकिरी तुकडा दिसतो, त्याचे टोक मध्याकडे. बागाईतदार याला डायबॅक म्हणतो. वाट मात्र दोघींची एकच, छाटणीचा घाव. आणि इथे नाशिकची अडचण युरोपपेक्षा मोठी आहे. तिकडे वेल हिवाळ्यात झोपते आणि वर्षातून एकदाच छाटली जाते. आपल्याकडे ती झोपतच नाही, म्हणून एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमारास गोडी छाटणी असे दोनदा घाव बसतात. त्यातली दुसरी परतीच्या पावसाच्या तोंडावर. ओल्या हवेत ताजा घाव म्हणजे बीजाणूंना आवतण. हाताच्या अंगठ्याहून जाड घावावर त्याच दिवशी बोर्डो पेस्ट लावायची, आजारी वेली शेवटी छाटायच्या, कात्री निर्जंतुक करत राहायची, काढलेले लाकूड बांधावर न रचता जाळायचे, ही कामे कंटाळवाणी असली तरी यांना पर्याय नाही. मोठ्या झाडावरचे डांबर आणि वेलीवरची पेस्ट यांत फरक आहे. वेलीचा घाव लहान असतो आणि पेस्टमधले तांबे पहिले काही आठवडे बीजाणू रुजू देत नाही. तेवढ्या अवधीत वेल स्वतःचे अडसर उभे करते.

आपल्या बागा दहा-पंधरा वर्षांत काढून नव्या लावण्याकडे कल असतो आणि एस्का हा बहुधा वयस्कर वेलींचा रोग, हा त्यातल्या त्यात दिलासा. वाइनच्या बागा मात्र जास्त वर्षे राखायच्या असतात.

रोग खोडात शिरलाच, तर उपाय करवतीचा. लाकूड स्वच्छ दिसेपर्यंत खाली कापत जायचे, शेवटच्या कापाच्या तोंडावर तपकिरी ठिपकाही राहता कामा नये. मग खालून फुटलेला एक जोमदार फुटवा धरून त्याचेच नवे खोड आणि नवे ओलांडे करायचे. जुनी मुळे तयार असल्यामुळे अशी वेल नव्या लागवडीच्या आधी फळावर येते. फक्त बाग डोगरिज जातीच्या खुंटावर कलम केलेली असेल, तर फुटवा कलमाच्या सांध्याच्या वरूनच घ्यावा लागतो. सांध्याखालून आलेला फुटवा डोगरिजचाच निघतो, रानटी जोमाने वाढतो आणि त्याला बाजारात नेण्याजोगा एकही घड लागत नाही.